जनूदादांची पट्टी

जनूदादांचा विषय निघाला की माझं डोकंच फिरतं. चिडायचं कुणावर तेच कळत नाही, हा तर खरा वैताग. त्यांच्यावर चिडावं तर माणूस लाखात एक. त्यांच्या पुतण्यावर चिडावं तर त्याचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. मग मी आमच्या ह्यांच्यावर चिडते. ते बिचारे दिवसभर बाजारात पोती उचलून आलेले असतात, पंख्याखाली बसून निमूट ऐकून घेतात.

आम्ही साताऱ्याकडचे. हे वाशीच्या बाजारात माथाडी आणि मी सीवूड्सला एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर. घणसोली गावात आम्ही जनूदादांच्या घरी भाड्यानं राहायचो. खाली ते आणि त्यांची बायको बेबीताई, वर आम्ही भाडेकरू, त्याच्यावर गच्ची. शेती गेली, मिठागर गेलं, त्या जागी खोल्या उभ्या राहिल्या. गावातल्या सगळ्यांचं झालं तेच त्यांचं झालं. पण काय करता म्हणून कुणी विचारलं तर खोल्यांचं नाव काढायचे नाहीत. "बेंजोत हाय मी," असं छाती काढून सांगायचे.

बेंजो म्हणजे बेंजो पार्टी. आगऱ्यांच्या हळदीला ती नसेल तर हळद झाली असं कुणी मानत नाही. ढोल, ऑक्टोपॅड, ट्रम्पेट, बटणं दाबून वाजवायचा तारांचा बेंजो आणि कीबोर्ड. हा कीबोर्ड जनूदादांचा. पार्टी त्यांनीच काढलेली, पुढं पुतण्या नितेशच्या हाती दिली. पण कीबोर्डला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. पार्टीतल्या एका पोरानं एकदा त्यावर चहाचा ग्लास ठेवला होता. दादांनी शिवी दिली नाही, काही नाही. तो ग्लास उचलून स्वतःच पिऊन टाकला आणि रिकामा त्याच्या हातात दिला.

माणूस दिसायला अगदी साधा. बोटं जाड, रांगड्या कामाची. पांढरा शर्ट, खिशात पिवळं फडकं, कीबोर्ड पुसायला. पण कान! अहो, काय कान होता तो. आमचा कुकर वाजला की खालून आवाज यायचा, "वयनी, काली दोन!" भंगारवाल्यानं आरोळी दिली की, "पांढरी पाच, पन जरा उतरलाय आज, तब्येत बरी नाय त्याची." माझ्या दाराची बिजागरी कुरकुरायची, तर म्हणाले, "तेल नका घालू, बेस सूर हाय." मी तेल घातलं. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

आता ह्या काळी-पांढरीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाणारा माणूस ज्या सुराला धरून गातो ती त्याची पट्टी. पेटीवरच्या पट्ट्या मोजून तिला नाव देतात, काळी एक, पांढरी चार, असं. मोठ्या कार्यक्रमात गाणारा आधी पट्टी सांगतो आणि मग वाजवणारे वाजवतात. हळदीत कुठलं आलंय तसलं? नवरीची आत्या, मावशी, आजी, कुणीतरी हळदीचा हात वर करते आणि सरळ सुरू होते. ज्या सुरात तोंडातून निघेल तो सूर. पहिली ओळ ती एकटी गाते. तेवढ्यात कीबोर्डवाल्यानं तिची पट्टी ओळखायची आणि दुसऱ्या ओळीला सगळ्या पार्टीनं तिच्याखाली जाऊन उभं राहायचं. हे ओळखायचं काम दादांचं. "बाय शिंकली तरी तिची पट्टी धरीन," असं म्हणायचे, आणि धरायचेही.

त्यात त्यांची एक खोड होती, म्हणजे त्यांच्या धंद्यात पुष्कळांची असते म्हणे. कुठलंही गाणं असो, बोटं फिरायची ती पांढरी एकवरूनच. शिकवायला गुरू नव्हता, बोटांना तेवढी एकच वाट ठाऊक. बाई वेगळ्या पट्टीत गेली की कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबायचं. जितक्यांदा दाबाल तितकी घरं आवाज वर सरकतो. छोट्या काचेत आकडा दिसतो, एक, दोन, तीन. बोटं जागच्या जागी, सूर बाईच्या घरी. म्हणजे बघा, सगळी भिस्त त्या एका आकड्यावर. आकडा चुकला तर बोटं कितीही बरोबर पडोत, गाणं सगळंच्या सगळं बाजूच्या घरात वाजणार.

आणि तेच झालं. पण त्याच्या आधीची एक गोष्ट आहे. कुकरला खालून उत्तर येणं बंद झालं होतं. मला वाटलं, वयानं गप्प झाले असतील. मग एके दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वयनी, कुकर बदललात का? यो नवीन शिटी मारत नाय वाटतं." कुकर तोच होता. शिट्टीही तीच, भिंतीपलीकडचे लोक दचकावेत अशी. मी काहीतरी हसून बोलले आणि वर आले.

त्यानंतर गावातच एका हळदीला आम्ही सगळे गेलो होतो. नवरीच्या मावशीनं सुरुवात केली. गोड गळा, सगळ्या बायका टाळ्या धरून उभ्या. दादांनी डोळे मिटले, बटण दाबलं आणि दुसऱ्या ओळीला दणक्यात घुसले. मला संगीतातलं ढेकळं कळत नव्हतं तेव्हा, तरी अंगावर शहारा आला. दाताला थंड पाणी लागावं तसं. मावशी अडखळली, थांबली. बायका थांबल्या. बेंजोवाला थांबला. दादा मात्र डोळे मिटून वाजवतच होते, अगदी रंगात येऊन, मान डोलवत. शेवटी नवरीची आजी खुर्चीतून ओरडली, "ए जनू, काय वाजवतस रं मेल्या?" तेही त्यांना ऐकू गेलं नाही. नितेशनं जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा डोळे उघडले. समोर सगळी माणसं गप्प आणि सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे. पहिल्यांदा हसले, लोकांना आवडलं असं वाटलं असणार. मग नितेशचा चेहरा बघितला.

आमच्या डॉक्टरांच्या ओळखीनं मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. जन्मभर दोन हातांच्या अंतरावर भोंग्यासारखे स्पीकर लावून उभा राहिलेला माणूस; आतली नसच मेली होती. औषध नाही, ऑपरेशन नाही. मशीन लावलं तर माणसाचं बोलणं समजेल, पण गाणं पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखं लागेल. आणि त्यात आणखी एक विचित्र भानगड होती. डाव्या कानाला एक सूर ऐकू यायचा आणि उजव्याला तोच सूर थोडा वरचा. दादांनी डॉक्टरांना विचारलं, "मंग खरा कनचा?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ? दादांनी परत विचारलं, "नाय, पन दोन्ही माजेच कान ना? खरा कनचा?" त्या प्रश्नाला उत्तर न घेताच आम्ही रिक्षात बसलो.

दुसरा कुणी असता तर खोल्यांचं भाडं घेत बसला असता. हे मात्र नितेशबरोबर हळदींना जातच राहिले. हा माणूस तिसऱ्या आठवड्याला मोबाइल घेऊन माझ्या दारात. "वयनी, तुमना इंग्लिश येतं. यो बगा." ऑनलाइन क्लासची जाहिरात. संगीताचं शास्त्र, घरबसल्या, आणि वर लिहिलेलं, इंटरमिजिएट. मी म्हटलं, "दादा, हे मधलं आहे. आधी बिगिनर करावं लागतं." तर भडकले. "बिगिनर? मी? मी हळदी वाजवलेल्या पोरींच्या पोरींच्या हळदी झाल्या!" झालं, इंटरमिजिएटला नाव घातलं. बिगिनरमध्ये जे शिकवतात ते त्यांच्या बोटांना येत होतं पण त्याचं नाव येत नव्हतं, आणि मला नाव वाचता येत होतं पण त्याचा अर्थ कळत नव्हता. असे आम्ही दोघं विद्यार्थी, एक बहिरा आणि एक ठार अडाणी.

कशासाठी चाललंय हे, मी विचारलं. ते म्हणाले, "कानानं केला तेवरा झाला. आता डोल्यानं करायचा. लिवलेला सूर कान मागत नाय, वयनी. शास्त्रात सगला मोजून ठेवलाय. मोजता आला की मना कोन उठवंल तितून?" तितून म्हणजे कीबोर्डच्या मागून. तेवढंच त्यांचं मागणं होतं. नाव नको, पैसा नको, मरेपर्यंत हळदीत त्या कीबोर्डच्या मागं उभं राहायचं आणि बाईची पट्टी धरायची.

मी दवाखान्यातून आले की चहा घेऊन खाली जायचे. व्हिडिओ कॉलवर सर इंग्रजीत बोलायचे, खाली अक्षरं यायची, ती मी वाचून मोठ्यानं मराठीत सांगायचे, म्हणजे त्यांच्या उजव्या कानाशी ओरडायचेच. बेबीताई आतून म्हणायच्या, "अख्ख्या घनसोलीला शिकवता का काय गो?" मी काय भाषांतर करायचे ते माझं मला माहीत. डिमिनिश्ड आलं, मी म्हटलं खचलेला. ऑगमेंटेड आलं, मी म्हटलं फुगलेला. दादांना तेच आवडलं. पुढं ते सरांनाही म्हणायचे, "सर, यो खचलेला पाचवा हाय ना?" सर मुंबईचेच असावेत, त्यांना बरोबर कळायचं.

एकदा धडा आला तो रिलेटिव्ह मायनरचा. मेजर म्हणजे आनंदी सप्तक, मायनर म्हणजे उदास, आणि प्रत्येक मेजरच्या त्याच सुरांमध्ये एक मायनर लपलेली असते, फक्त सुरुवात दुसरीकडून. मी तीनदा वाचलं, मला ओ की ठो कळलं नाही. दादा मात्र ताडकन म्हणाले, "भाडोत्री!"

"काय?"

"घर तेच, खोल्या त्याच, दरवाजा मागून. आनि राहनारा उदास." स्वतःच खूश झाले. "आमी सी मेजर, वयनी, आनि तुमी वरती ए मायनर."

"म्हणजे आम्ही रडके काय?" मी म्हटलं.

"पानी येत नाय तवा रडता ना?" म्हणाले. इतकी हसले मी त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी खरंच पाणी आलं नाही.

मग पंचमांचं चक्र आलं. बारा सूर घड्याळासारखे गोल मांडायचे, पाच-पाच सुरांच्या उडीनं. मोबाइलवरच्या इवल्याशा गोलात त्यांचं भागेना. मी गच्चीवर पोह्याचे पापड घातलेले, रविवारची सुट्टी घालवून. वर जाऊन बघते तर पापड सगळे एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेले आणि मधे हे खडूनं भलामोठा गोल काढून उभे. "अहो दादा! माझे पापड!" तर ओठावर बोट ठेवलं. एका घरातून दुसऱ्या घरात पाय टाकत होते आणि प्रत्येक घराला कुठले सूर काळे होतात ते पुटपुटत होते. लुंगी वर खोचलेली, ऊन हे एवढं. पुरा फेरा मारून परत सुरुवातीच्या घरात आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "परत घरी येतंय, वयनी! कुटं पन जा, फिरून घरीच येतंय!" त्या माणसाच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मी पापडांचं बोलले नाही. आता बोलते. सगळे चिकटले होते.

हसू येतं सांगताना, पण हसण्यासारखं फार नव्हतं. त्यांच्या कानात आता रात्रंदिवस एक शिट्टी वाजायची, बारीक, न थांबणारी. बाहेरचं सगळं पुसट आणि आतलं तेवढं खणखणीत. शास्त्र शिकायला लागल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की हा सूर कुठला ते ओळखायचं. दुपारभर एकेक पट्टी दाबून बसायचे, आतल्या शिट्टीशी जुळते का बघायला. पण पट्टीसुद्धा ऐकायची त्याच कानांनी ना! डावा कान एक सांगायचा, उजवा दुसरं. एकदा मी गेले तर पट्टीवर बोट ठेवून तसेच बसले होते. मला म्हणाले, "जगातला कनचा पन सूर सांगायचो मी. माज्या सोताच्या डोक्यात वाजतंय त्याचा नाव मना ठाव नाय." मी चहा पुढं केला. मला तेवढंच येतं.

परीक्षा दोन भागांची होती. लेखी त्यांनी अशी केली की सर स्वतः क्लासमध्ये त्यांचं नाव घेऊन बोलले. त्या छोट्या चौकोनांमधली शाळकरी पोरं-पोरी टाळ्या वाजवताना दिसली, आवाज दादांना आला नाही पण हात दिसले. दुसरा भाग कानाचा. सर पियानोवर दोन सूर वाजवणार आणि त्यांच्यातलं अंतर सांगायचं. दादांनी नवा शर्ट घातला होता, घरातच बसायचं होतं तरी. मोबाइलला मोठा स्पीकर जोडला. बेबीताईंनी खिडक्या लावल्या. सरांनी सूर वाजवले. दादा स्पीकरकडे वाकले. परत वाजवले. दादांनी स्पीकर उचलून उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग दोन्ही हातांत धरून छातीशी. "वन्स मोअर, सर." परत वाजले. एवढा मोठा आवाज की ताटं थरथरली. दादांनी उत्तर दिलं ते चुकलं. दुसरं चुकलं. तिसरं चुकलं. मला संगीत कळत नव्हतं, तरी मला तिसरं येत होतं हो! इतक्या दिवसांत मलासुद्धा ऐकून ऐकून यायला लागलं होतं, आणि त्यांना येत नव्हतं. मी बोटांनी खूण केली असती तर त्यांना दिसली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मुद्दाम.

सर माणूस चांगला. म्हणाले, अंकल, हा भाग राहू द्या, आम्ही तुम्हाला भाग घेतल्याचं सर्टिफिकेट देऊ. मी ते ओरडून सांगितलं. दादांनी मोबाइल बंद केला. "भाग घेतल्याचा! मी काय लग्नात जेवाय आलतो?" असं म्हणाले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. बेबीताईंनी खिडक्या उघडल्या. मी वर येऊन खूप रडले.

तिथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या डोक्यात एक धडा घर करून बसला होता. काही वाद्यं अशी असतात, ट्रम्पेट वगैरे, की कागदावर एक सूर लिहिलेला असतो आणि वाजतो दुसराच. मग हिशेब करून दुसऱ्या वाद्याचा सूर काढायचा. आठवडाभर ओट्यावर बसून ते त्याच्यावरच विचार करत होते. मग एके दिवशी धापा टाकत वर आले. "वयनी, सापडला!" तारांचा बेंजो ज्याच्याकडे होता तो पोरगा कानाचा पक्का. बाईनं पहिली ओळ धरली की त्याची बोटं आपोआप तिच्या पट्टीवर जाऊन बसायची. दादांनी काय करायचं, कानानं काहीच नाही. फक्त त्याचं पहिलं बोट कुठल्या बटणावर पडतं ते बघायचं, तिथून आपल्या पांढरी एकपर्यंतचं अंतर मोजायचं, तेवढा आकडा टाकायचा. "त्याचा हात माजा कान," म्हणाले. इतकी सोपी गोष्ट! पण मोजायचं कसं हे शास्त्रानंच त्यांना शिकवलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या पोराला घरी बोलावून खालच्या खोलीत दोघं बसले. पोरगा कुठूनही सुरू करायचा, दादा आकडा टाकायचे. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. एकदाही चुकलं नाही. दाताला थंड पाणी एकदाही लागलं नाही.

नितेशला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तो "हो काका, लय भारी काका" म्हणाला.

आम्ही घणसोली सोडून दिघ्याला जायला निघालो त्या आठवड्यात शेजारी हळद होती. दादांच्या चुलतघरातलीच. जेवणाची पंगत उठत होती, संध्याकाळचा उजेड अजून होता. मंडपाच्या कोपऱ्यात पार्टी उभी, आणि दादा कीबोर्डच्या मागं, पिवळ्या फडक्यानं काच पुसत. मला मुद्दाम जवळ जागा करून दिली. नवरीच्या काकूनं हात वर केला आणि धरलं. दादांचे डोळे ह्या वेळी टक्क उघडे, बेंजोवाल्याच्या हातावर. ओठ हलत होते. बटण दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा. बेंजोवाल्यानं मान वळवून ट्रम्पेटवाल्याला सांगितलं, "काली दोन." मी काचेत बघितलं. तीन. पांढरी एकपासून काळी दोन, तीनच घरं! माझ्या तोंडातून "शाब्बास!" निघून गेलं. दादांची बोटं खाली आली आणि फिरायला लागली.

आणि मला त्यांचं वाजवणं कुठं ऐकूच येईना. ढोल ऐकू येत होता, बेंजो, ट्रम्पेट, काकूचा गळा, सगळं. कीबोर्ड नाही. मला वाटलं गोंगाटामुळे. मग मी नितेशकडे बघितलं. तो बाजूला मिक्सर घेऊन बसला होता, ज्याच्यावर प्रत्येक वाद्याच्या आवाजाचं एकेक सरकतं बटण असतं. सगळी बटणं वर होती. एक पार तळाला.

मी तिथं गेले. "नितेश, ते दादांचं ना? वर कर ते. आज बरोबर आहे, मी आकडा बघितलाय."

"वयनी, जाव द्या."

"जाऊ द्या काय? मोजून टाकलाय त्यांनी!"

त्यानं मान खाली घातली. "त्या मावशीच्या हळदीपासून खालीच हाय. आज नाय, सगल्या हळदीत. एकदा आनखी तसा झाला असता तर आमना कोन बोलावनार होता? पोरांची घरं चालतात याच्यावर. आनि काकाना घरी बसवला असता तर काका र्‍हायला असता का? ते उबं र्‍हातान, वाजवतान, खूश असतान. मना तेवराच पायजे."

म्हणजे आम्ही खाली बसून मेजर-मायनर करत होतो तेव्हाही ते बटण तळालाच होतं. गच्चीवर गोल काढला तेव्हाही. परीक्षेला नवा शर्ट घातला तेव्हाही. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. बेबीताई होत्या.

"मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "नितेशनं मना इचारूनच बंद केला. मीच हो बोलले." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "आता चालू केला आनि त्यांना कलला की इतके दिवस बंद होता, तर? गप र्‍हा, बाय."

मी हात मागं घेतला. दादांनी माझ्याकडे बघितलं आणि खुणेनं जवळ बोलावलं. गेले. बोटं चालूच होती, पण ओठ वाचता यावेत म्हणून मान माझ्याकडे वळवली. घामानं शर्ट भिजला होता, चेहरा असा की जसा त्या पहिल्या पोरींच्या हळदींत असेल.

"वयनी, बसला ना सूर?"

मी मान हलवली. खोटं नव्हतं ते. सूर खरंच बसला होता.

"मंग रडता कनाला?" ते ओरडले. "हलद हाय, नाचा की!"

आणि पुढचं कडवं धरायला परत बेंजोवाल्याच्या हाताकडे बघू लागले.